पांडुरंग बघेल, पण यादी कोण बघणार?

पत्र

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील, मांजरा नदीच्या काठच्या एका गावाची सरपंच आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचे मालक गेले. गोठ्यात पाणी शिरले तेव्हा दावणीची जनावरे सोडायला ते गेले आणि परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी खालच्या शिवारात सापडले. घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा आहे. दोन एकर सोयाबीन वाहून गेले, पण तो हिशेब मी आता धरतच नाही. गावात पंचनामे चालू आहेत. माझे चुलत दीर म्हणतात, मदतीच्या यादीत भावकीची नावे आधी लागली पाहिजेत आणि नुकसानही नीट मांडले गेले पाहिजे, खुर्ची आपल्या घरात आहे ती कशासाठी? नदीकडच्या दलित वस्तीतील लोक म्हणतात, आमच्याकडे कोणी फिरकलेच नाही. काही जण तर म्हणतात की, सुतक फिटते न फिटते तोच बाई ग्रामपंचायतीत येऊन बसली, अशाने गावावर कोप होणार नाही तर काय. मालकांच्या मदतीचा अर्ज मी अजून केलेला नाही, कारण सरपंचाने आधी आपलेच पाहिले असे लोक म्हणतील. मी माळकरी घरातली आहे. रोज हरिपाठ म्हणते आणि ‘पांडुरंग बघेल’ असे म्हणून दिवस काढते. पण हे म्हणणे श्रद्धा आहे की पळवाट, हेच मला कळेनासे झाले आहे. त्यात गावाला मार्गशीर्षातला सप्ताह नेहमीसारखाच करायचा आहे. मी राजीनामा द्यावा का?

(ताईंच्या इच्छेनुसार नाव व गाव दिलेले नाही.)

उत्तर

ताई,

तुमच्या घरावर जे कोसळले आहे त्याबद्दल सांत्वनाची चार वाक्ये लिहून मी सुरुवात करत नाही. ती वाक्ये दारात येऊन बसलेल्या प्रत्येकाकडून तुम्ही ऐकली आहेत आणि त्यांनी रात्रीची झोप आली असेल असे मला वाटत नाही. तुम्ही जे विचारले आहे ते सांत्वनापेक्षा अवघड आहे. एवढ्या दुःखातही ‘माझे कसे होणार’ यापेक्षा ‘माझ्या हातून कोणावर अन्याय तर होत नाही ना’ ही काळजी तुमच्या पत्रात जास्त आहे, आणि पुढे जे काही लिहितो आहे ते त्याच भरवशावर लिहितो आहे.

‘पांडुरंग बघेल’ हे श्रद्धेचे बोलणे आहे की पळवाटेचे, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. ते म्हटल्यानंतर माणूस काय करतो यावरून ठरते. ते म्हणून तुम्हाला दोन घास जात असतील, सकाळी उठून मुलांचे डबे भरून ग्रामपंचायतीत जाण्याचे बळ येत असेल, तर ती श्रद्धा आहे. चुलत दिरांनी भावकीच्या नावांचा कागद पुढे केला, त्यांना नाही म्हणायची छाती होईना, आणि म्हणून ‘पांडुरंग बघेल’ असे पुटपुटत तुम्ही तो कागद तसाच तलाठ्याकडे सरकवला, तर शब्द तेच असूनही ती पळवाट आहे. पाऊस किती पडावा, नदीने कोणत्या रात्री काठ सोडावा, कोणाचा श्वास कुठे थांबावा, हे तुमच्या हाती नव्हते आणि पुढेही नसेल. त्याचा भार देवावर टाकण्यात कमीपणा नाही, उलट तो न टाकणारी माणसे आतून कुरतडली जातात. कोणत्या घराचा पंचनामा झाला आणि कोणत्या घराचा राहिला, हे मात्र तुम्हाला दिसते, विचारता येते आणि दुरुस्त करून घेता येते. जे काम देवाने आपल्या पदरात टाकले आहे तेच उचलून पुन्हा त्याच्या पायावर ठेवणे, याला वारकऱ्यांनी कधी भक्ती म्हटलेले नाही.

आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण सांगतो. पैठणचे एकनाथ महाराज घडले ते देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींच्या हाताखाली. जनार्दनस्वामी दत्ताचे उपासक होते आणि त्याच वेळी निजामशाहीतल्या त्या बलाढ्य गडाचे किल्लेदारही होते. उपासना आणि कारभार ही दोन्ही कामे ते एकाच निष्ठेने करत. त्यांनी नाथांकडे हिशेबाचे काम सोपवले होते. परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एके रात्री हिशेबात एका पैचा मेळ बसेना, तेव्हा नाथ रात्रभर दिव्यापाशी वही घेऊन बसले आणि पहाटे ती पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेचे महत्त्व पटवण्यासाठी सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती पै कोणाची तरी होती, आणि शिष्याला ध्यान शिकवणाऱ्या गुरूला ती पै शोधण्यासाठी घालवलेली रात्र वाया गेली असे वाटले नाही. तुमचा हरिपाठ आणि पंचनाम्याची वही यांच्यात तुम्हाला जी दरी वाटते आहे ती नाथांना वाटली नसती.

आता कोपाचे बोलणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाही कोणाच्या पापाने हे झाले याची कुजबूज झालीच होती. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांच्यात पापी किती आणि पुण्यवान किती, हे कोणी सांगू शकेल काय? कारण शोधणाऱ्यांना ते घरांच्या बांधणीत सापडले. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारा सांधा नाही, आणि वर मातीचे जड माळवद. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली ती हे कारण समजल्यावर, वेगळ्या बांधणीने. कोपावर बोट ठेवून लोक थांबले असते तर पुन्हा तशीच माळवदे चढली असती. तुमच्या गावात पाणी कशाने चढले, हा प्रश्न ग्रामसभेत मांडा. थोड्या तासांत झालेली अतिवृष्टी, वरून आलेला विसर्ग, बुजवलेला ओढा, पुलाच्या नळ्यांत अडकलेला काडीकचरा, यांतले जे जे लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते इतिवृत्तात लिहून घ्या. त्यातून पुढच्या पावसाळ्याआधीचे काम निघेल.

आणि तुमच्या ग्रामपंचायतीत बसण्याबद्दल कोणी नाक मुरडत असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला, एवढे ग्रामसेवकाला माहीत असले म्हणजे कागदापुरते भागते. गावात मात्र कागदापेक्षा माणसाचा शब्द चालतो. तुमच्या सासूबाईंनी पोटचा मुलगा गमावला आहे; त्यांनी एकदा चार बायकांत ‘माझी सून कामावर जाईल, मीच तिला जा म्हणते’ असे म्हटले, तर पुढे बोलायला कोणाचे तोंड उघडणार नाही. त्यांना तसे सांगून पाहा. त्यांच्या दुःखालाही त्यातून एक जागा मिळेल.

यादीबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तुमच्या न्यायाची खरी परीक्षा तिथे आहे. कायद्याने यादी सरपंच करत नाही. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात, यादी तहसील कार्यालयातून वर जाते आणि मदत ज्याच्या त्याच्या खात्यावर येते. चुलत दिरांना ‘नावे घालायचा अधिकारच माझ्याकडे नाही’ असे तुम्ही सांगू शकता आणि ते खरेही आहे. पण तेवढ्यावर थांबू नका; ‘आणि असता तरी खोटे नाव घातले नसते’ हेही त्याच दमात सांगा. नाहीतर ते म्हणतील की वहिनीला द्यायचे होते, पण सायबाने अडवले, आणि उद्या सायबालाच गाठतील.

तुमच्या हाती असलेली गोष्ट दिसायला लहान आहे, पण निकाल तीच लावते: पंचनाम्याचे पथक गावात कुठून सुरुवात करते, ही ती गोष्ट. असे पथक कसे फिरते ते तुम्हाला मी सांगायला नको. गाडी मारुतीच्या पारापाशी थांबते, ओळखीच्या वाड्यात चहा होतो, डांबरी रस्त्यालगतची रानं बघून होतात, आणि दुपार कलते तसे साहेबांना पुढचे गाव दिसू लागते. मग नदीकडच्या चिखलात कोण उतरणार? कोणी मुद्दाम अन्याय करतो असे नाही, अन्याय आपोआप रस्त्याच्या कडेने चालत जातो. तेव्हा पथक येईल त्या दिवशी तुम्ही वेशीपाशीच उभ्या राहा आणि त्यांना आधी नदीकडच्या वस्तीत न्या. चहाही तिथेच होऊ द्या. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे लेकरू नाथांनी कडेवर उचलले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले, ही गोष्ट आपण सप्ताहात दर वर्षी ऐकतो. त्यात नाथ स्वतः त्या घरापर्यंत चालत गेले होते, हे ऐकताना निसटून जाते.

वस्तीतल्या घरांच्या बाबतीत आणखी एक अडचण येईल. पडलेल्या घराची मदत मिळायची तर ते बांधकाम अधिकृत असावे लागते आणि अशा वेळी ‘हे तर अतिक्रमण’ असे म्हणून एका फटक्यात दहा-वीस घरे बाजूला काढली जातात. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, आजच उघडून बघा. त्यातली किती घरे नोंदलेली आहेत, किती जण वर्षानुवर्षे घरपट्टी भरत आले आहेत आणि तरी नोंद का नाही, हे तुमच्याच कपाटात आहे. ही नोंद दाखवणे ही खास मेहेरबानी नाही, ते तुमच्या दप्तराचे कामच आहे.

तसेच शेळ्यांचे. आपत्ती मदतीच्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हैस गेल्यास ३७,५०० रुपये, बैल गेल्यास ३२,००० रुपये आणि शेळी किंवा मेंढी गेल्यास ४,००० रुपये असे दर आहेत. मोठे जनावर वाहून गेले की गाव गोळा होतो, फोटो निघतात, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत निरोप जातो. एखाद्या भूमिहीन बाईच्या चार शेळ्या गेल्या तर तिला स्वतःलाच वाटते की याचे काय सांगायचे. आणि ते १६,००० रुपये म्हणजे तिची सगळी शिल्लक असते. गेलेल्या शेळ्या आणि कोंबड्या किती, हे दारोदार जाऊन विचारायला बचत गटातल्या दोन बायका लावा. कोण खरे सांगते आणि कोण आकडा फुगवते, हे त्या बायकांना तलाठ्यापेक्षा अधिक कळते.

पिकाच्या मदतीत आणखी एक घटक दरवेळी सुटतो, तो म्हणजे बटईने, म्हणजे दुसऱ्याचे रान वाट्याने करणारा. तेहतीस टक्क्यांवर नुकसान झाले असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये हा निकष आहे, पण ती रक्कम सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळते. बी, खत, फवारणी आणि घाम ज्याचा गेला त्याचे नाव तिथे नसते. यावर सरकारी उपाय तुमच्या हाती नाही. पण जमीनमालक आणि बटईदार यांना समोरासमोर बसवून, आलेल्या रकमेतले किती कोणाचे, हे चार माणसांत ठरवून लिहून घेणे तुम्हाला नक्की जमेल. सरपंचाच्या शब्दाला अशाच ठिकाणी वजन असते, आणि ते खर्च करायची हीच वेळ आहे.

यादी तयार झाली की चावडीवाचन घ्या. फलकावर लावलेला कागद कोणी वाचत नाही; मोठ्याने वाचलेले नाव सगळ्यांना ऐकू येते आणि खोटे नाव आले की मागून कोणीतरी खाकरतेच. हरकती लेखी घ्या. तुमच्या भावकीतल्या कोणाचा विषय निघेल तेव्हा खुर्ची उपसरपंचाकडे देऊन खाली बायकांत जाऊन बसा, आणि तसे केल्याचे इतिवृत्तात लिहायला सांगा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असतेच. ती या वेळी कागदावर उरकू नका, कारण घरातली किती भांडी आणि किती धान्य गेले, हे पुरुषांना अंदाजाने आणि बायकांना मोजून माहीत असते. बाहेरून येणाऱ्या मदतीच्या ट्रकांचेही असेच. ट्रकवर उभे राहून होणारे वाटप बंद करा, कारण त्यात ज्याचा हात लांब त्याला दोन पिशव्या मिळतात. सगळे सामान जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवून घ्या आणि अंगणवाडी सेविका व आशाताई यांच्याकडच्या घरवार नोंदीवरून वाटा. एका साध्या दोनशे पानी वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातली माणसे, दिलेली वस्तू आणि सही किंवा अंगठा, एवढे चार रकाने पुरेत. ती वही कोणीही मागितली तर कोणालाही दाखवावी.

हे सगळे लिहिणे सोपे आहे. तुमच्या चुलत दिरांना तुम्ही नाही म्हणाल तेव्हा काय होईल, याचा विचार मी करत नाही असे समजू नका. मालकांच्या तिरडीला खांदा देणारे तेच असतील. रब्बीच्या पेरणीला ट्रॅक्टर त्यांचाच लागेल, बांधावरून जाणारी वाट त्यांच्या रानातून असेल, उद्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पुढे बसणारे तेच असतील. शहरात बसून ‘तत्त्वाने वागा’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. नवरा गेलेल्या बाईने भावकीशी वाकडे घेणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात विचारा. म्हणून मला वाटते, ताई, की ‘पांडुरंग बघेल’ हे तुमचे शब्द खरे लागतात ते या जागी. यादी खरी ठेवायची, ते काम तुमचे. यादी खरी ठेवल्यामुळे जो राग येईल, जी मदत आटेल, जे एकटेपण वाट्याला येईल, त्याची धास्ती मात्र त्याच्याकडे सोपवायची. देवावर विसंबणारा माणूस न्यायाने वागू शकतो तो याच कारणाने, की न्यायाची किंमत चुकवताना आपल्यामागे कोणी उभे आहे असे त्याला वाटते. ज्याला तसे वाटत नाही तो भल्या मनाचा असूनही ऐन वेळी भावकीकडे बघतो.

चुलत दिरांशी बोलायचे ते चारचौघांत नको. घरी, सासूबाईंच्या समोर, जेवण झाल्यावर बोला. त्यांचे जे खरे नुकसान झाले आहे त्याचा पंचनामा चुकू देणार नाही, कागद कमी पडले तर मी स्वतः तहसीलला येईन, हे आधी सांगा. भावकीची म्हणून त्यांची खरी हानी मागे ठेवणे हाही अन्यायच होईल. काही सरपंच आपली निःस्पृहता दाखवायला घरच्यांचे खरे नावही गाळतात आणि गाव त्यांची वाहवा करते. मला त्यात न्याय दिसत नाही, मोठेपणाची हौस दिसते.

तुमच्या स्वतःच्या अर्जाचेही उत्तर यातच आहे. आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये देण्याचा निकष आहे. वारस म्हणजे एकट्या तुम्ही नाही; मुलगी, मुलगा आणि सासूबाई यांचाही त्यात तुमच्याइतकाच हक्क आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकाराम महाराजांच्या घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, आणि पुढे त्यांनी कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे आपण सांगतो. त्या गोष्टीतला एक तपशील मला नेहमी थांबवतो: बुडवण्याआधी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी केली, निम्मी खते त्यांच्या हवाली केली आणि पाण्यात सोडली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. एवढे विरक्त असूनही भावाच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. मुलांच्या आणि सासूबाईंच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. शिवाय सरपंचाने मदत नाकारली की गावातल्या दुसऱ्या एखाद्या विधवेला आपला अर्ज घेऊन पुढे यायची लाज वाटू लागते. तेव्हा पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद गोळा करून रीतसर अर्ज करा, रांगेत जिथे नंबर लागेल तिथे उभ्या राहा, आणि सातबारावरची वारस नोंदही लांबवू नका. ती राहिली की पुढची सगळी मदत मालकांच्याच नावावर अडकून पडते.

तुम्ही पत्रात स्वतःच्या दुःखाला अगदी थोडी जागा दिली आहे. कारभार करतानाही तुम्ही हेच करत असाल, अशी मला शंका आहे. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची आणि स्वतःचे रडणे रात्रीवर ढकलायचे, हे फार दिवस निभत नाही. मग ते भलत्या वेळी, भलत्या माणसावर राग होऊन बाहेर पडते आणि त्या दिवशी एखाद्या गरिबाचा अर्ज उगाच फेकला जातो. संध्याकाळचा एक ठरलेला वेळ घरचा ठेवा, त्या वेळी दार लावले तरी चालेल. ग्रामपंचायतीत येताना एखादी विश्वासू सदस्या सोबत असू द्या, आणि ज्या दिवशी मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नका. मुलीकडे लक्ष द्या. नववीतल्या मुली अशा वेळी घरातल्या मोठ्या बाईसारख्या वागू लागतात आणि सगळे त्यांचे कौतुक करतात, पण तिचेही वडील गेले आहेत. देवावर राग आला तर तोही येऊ द्या. गंगाखेडच्या जनाबाईंनी विठ्ठलाला अरेतुरे केले, खडे बोल सुनावले, आणि म्हणून संप्रदायाने त्यांना दूर लोटले नाही.

हेच डोळे गावाकडेही ठेवावे लागतील. पूर ओसरला म्हणजे संकट ओसरले, असे आपल्याकडे होत नाही. खरा ताण पुढे बँकेची आणि सावकाराची बोलावणी सुरू होतात तेव्हा येतो. जो माणूस पंचनाम्याला आला नाही, पारावर दिसत नाही, ‘काय करायचे आता मदतीचे’ असे बोलतो, त्याच्या घरी कोणाला तरी पाठवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येते. तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा, आणि गरज वाटली तर आधी तुम्हीच लावा.

सप्ताहाबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. तो बंद करू नये; ज्या गावात इतकी माणसे हबकून गेली आहेत तिथे सात दिवस एकत्र बसणे हा खर्च नाही, गरज आहे. पण नेहमीसारखाही करू नये. या वर्षी घरटी वर्गणीचा आकडा ठरवू नका, ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे. मंडप लहान असावा, काल्याचे जेवण साधे असावे, आणि सप्ताहाचा पैसा व पूरमदतीचा पैसा यांच्या वह्या वेगळ्या, सांभाळणारी माणसेही वेगळी असावीत. ‘देवाचे पैसे आहेत, नंतर भरू’ असे म्हणून एका वहीतले दुसरीत घेतले की दोन्हीकडचा विश्वास जातो. पंगत एकच असावी, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको असे मी धरून चालतो.

आणि राजीनामा. आज देऊ नका. दुःखात घेतलेले मोठे निर्णय सहसा त्या दुःखापासून पळण्याचे असतात, आणि तुम्ही खुर्ची सोडल्यास या घडीला तिच्यावर कोण बसेल आणि यादी कोणाच्या हाती जाईल, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. मदत खात्यांवर जमा झाली, रब्बी उगवून आली, की मग शांतपणे विचार करा. तेव्हाही सोडावेसे वाटले तर सोडा, त्यात हार नाही. तोवर प्रकृती साथ देईना तर काही दिवस उपसरपंचाकडे कामकाज सोपवून विश्रांती घेता येते.

एक गोष्ट मात्र लांबवण्यासारखी नाही. तुमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील, आणि ज्यांची घरे पडली त्यांच्यातलेच पुष्कळ जण उचल घेऊन बसलेले असतील. ते एकदा कारखान्यावर गेले की पंचनाम्याच्या वेळी घराला कुलूप दिसते, खात्याचे कागद अपुरे राहतात आणि पाच-सहा महिन्यांनी परत येईपर्यंत यादी बंद झालेली असते. चावडीवाचन आणि विशेष ग्रामसभा त्यांच्या निघण्याच्या आत घ्या. तारीख ठरवताना ग्रामसेवकाच्या आधी मुकादमांना विचारा, कारण गाड्या कोणत्या दिवशी भरायच्या हे त्यांनाच ठाऊक असते.